दोन डाव्या कोयऱ्या

"मॅडम, आतून हे उलटं दिसतं. तुम्हाला त्रास नाही होत?" असं अकाउंट्समधल्या दर्पणने विचारलं, तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे चारुताला आधी कळलंच नाही. त्याने केबिनच्या काचेच्या दाराकडे हात केला. दारावर बाहेरच्या बाजूने तिचं नाव चिकटवलेलं होतं, निळ्या अक्षरांत, चारुता चुरी, आणि खाली बारीक अक्षरांत हुद्दा. मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने सगळ्या केबिनींवर मराठी नावं लावायची टूम तिनेच काढली होती. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. तीन आठवडे ती आत बसून रोज ते नाव वाचत होती. "उलटं? कुठे?" ती म्हणाली. दर्पण हसला, त्याला वाटलं मॅडम गंमत करतायत. नाव दर्पण असलेल्या माणसानेच हा प्रश्न काढावा यातही एक गंमत होती, पण ती तिला बऱ्याच दिवसांनी सुचली. त्या क्षणी ती नुसती दाराकडे बघत राहिली. खरंच की. च ची दांडी डावीकडे होती. काने आपापल्या अक्षरांच्या आधीच येऊन उभे राहिले होते, आणि रीची वेलांटी भलत्याच खांद्यावर पडली होती. कोणीही शहाणा माणूस अडखळला असता. ती अडखळली नव्हती. दर्पणने फाईल ठेवली, सह्या घेतल्या, पावसाळी छत्र्यांच्या कोटेशनबद्दल काहीतरी विचारलं आणि तो गेला. मग तिने पॅडवर आपलं नाव उजवीकडून डावीकडे, तसंच उलटं लिहून पाहिलं. हात कुठेही थांबला नाही. नाव लिहून झालं आणि तिला जिन्याची एक पायरी नसावी आणि पाय पुढे पडावा तसं झालं. बाहेर बोईसरची एमआयडीसी नेहमीसारखी घुमत होती आणि तिला मात्र स्पष्ट ऐकू येत होती हातोडीची टुकटुक, बारीक, एकसारखी, घाई नसलेली.

ती टुकटुक चिंचणीच्या घराच्या पडवीतली होती. समुद्राच्या बाजूच्या त्या गावांमध्ये घरोघर खिडकीशी एक बाकडं असतं आणि बाकड्याशी एक वाकलेला माणूस. तो डाय करतो. डाय म्हणजे मुठीत मावेल एवढा पोलादाचा ठोकळा, त्याच्या तोंडावर दागिन्याची नक्षी खोल कोरलेली. मुंबईत त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की नक्षी पत्र्यावर उठते, एका ठोकळ्यातून हजार पानं, हजार फुलं. सोनं या घरांमध्ये फारसं कोणी पाहिलेलं नसतं, पण मुंबईतल्या बायकांच्या कानांत जे डुलतं ते आधी इथल्या पडवीत पोलादावर जन्माला आलेलं असतं, आणि तेही उलटं. कारण डायवर सुलटं कोरलं तर दागिन्यावर उलटं येतं. म्हणून डावं ते उजवं कोरायचं आणि उजवं ते डावं. चारुताचे वडील कमलाकांत, ज्यांना घरात आणि गावातही सगळे दादा म्हणत, ते सतराव्या वर्षापासून असे उलटे बघत आले होते. त्यांच्या बाकड्याखाली गोणपाटावर बसून चारुता खेळायची. लोखंडाच्या किसाने तिचे तळवे काळे व्हायचे. तिला श्री शिकवला तो शाळेने नव्हे, एका लॉकेटच्या डायने. ती सात वर्षांची असताना दुसरीतल्या नलूबाईंनी शुद्धलेखन घातलं आणि चारुताने अख्खी पाटी उलटी लिहून दाखवली, एकही चूक न करता, उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत. नलूबाईंना घाम फुटला. त्यांनी दादांना शाळेत बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की पोरीला पालघरच्या डॉक्टरांना दाखवा, डोक्यात काही असेल. दादांनी पाटी हातात घेतली. ती त्यांना नक्कीच भराभर वाचता आली असणार, पण बाईंना ते तसं बोलले नाहीत. घरी आले, तिच्यासाठी स्वतः केलेली टीचभर छिन्नी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "सुलटं लिव, चारू. आजपासून पडवीत बसायचं नाय." रागावले नव्हते. रागावले असते तर ती रडली असती आणि चार दिवसांत परत गोणपाटावर जाऊन बसली असती. ते असं बोलले, जणू तिला कुठेतरी लांब पोचवून आले आणि एकटे परतले.

आणि खरंच लांब पोचवलं. ती सुलटं लिहायला शिकली, इतकं सुलटं की शाळेत पहिली आली, मग पालघरचं कॉलेज, मग मुंबईची पदवी, मग ही बोईसरची कंपनी, हा गारेगार काचेचा डबा आणि महिनाअखेर खात्यात येणारा भरभक्कम पगार. चिंचणीपासून फार दूर नव्हे, पण मधला रस्ता दादांनी स्वतःच्या पाठीचा केलेला होता आणि ते तिला ठाऊक होतं. ऑफिसात ती पत्रं लिहायची. अमुक माणसाला घेतलं, तमुकाची बदली केली, तमुकाची यापुढे गरज नाही. शेवटच्या प्रकारात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "पुनर्रचना" हा शब्द ती असा काही वापरायची की वाचणाऱ्याला वाटावं आपल्याला मानच मिळतोय. माणसं तिच्या केबिनमध्ये यायची, पत्र वाचायची, थँक्यू मॅडम म्हणायची आणि पार्किंगमध्ये जाऊन बराच वेळ गाडी सुरूच करायची नाहीत. वरून तिला ते दिसायचं. कोणाचं वाईट करायची तिची वृत्ती नव्हती आणि कंपनीही काही राक्षसाची नव्हती, चारचौघींसारखी होती. पण दिवसभर काम करून घरी यावं आणि हात धुवायला नळाखाली धरावेत तर धुण्यासारखं त्यांच्यावर काहीच नसावं, याचं तिला आतून काहीतरी वाटत होतं. त्या वाटण्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. दर्पण विचारून गेला आणि ते मिळालं. आपण इतकी वर्षं काचेच्या चुकीच्या बाजूला बसलोय, असं तिला वाटलं, आणि मग लगेच हसूही आलं. एवढ्याशा स्टिकरवरून कोणी आयुष्य बदलत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पण बजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दर शनिवार-रविवार ती चिंचणीला जाऊ लागली. आईचे गुडघे दुखतात हे निमित्त. आईचे गुडघे गेली पंधरा वर्षं दुखत होते, त्यांची एकदम एवढी काळजी कशी वाटायला लागली, असं आईने, विजयाबाईंनी, विचारलं नाही. त्या शहाण्या होत्या, त्यांनी फक्त पडवीतला जुना गोणपाट झटकून उन्हात टाकला. पहिल्या दिवशी चारुता पडवीच्या उंबऱ्यावरच बसली, आत पाय न घालता, चाळीस ओलांडलेली बाई शाळकरी पोरीसारखी. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली होती, डोळ्याला भिंग लावून ते अजून काम करत होते, पण आजूबाजूची बाकडी एकेक करून रिकामी झाली होती, कारण आता डाय मशीनवर होतात, संगणकात चित्र टाकलं की झालं. "मॅडम, आत या, वारा अडवून बसलात," दादा म्हणाले. ती आत गेली. त्यांनी तिच्यापुढे एक कोरा ठोकळा सरकवला आणि कानस दिली. तोंड सपाट करायला. "हात काळे होतील," म्हणाले. ते काळे झाले. संध्याकाळी नळाखाली धरले तेव्हा काळं पाणी वाहिलं आणि चारुता ते पाणी मोरीत जाईपर्यंत बघत राहिली. असे सहा-सात महिने गेले. सपाट करणं, मग रेघा, मग एक साधं पान. पहिली पंधरा पानं दादांनी परत घासून टाकली. सोळावं त्यांनी भिंगाखाली जरा जास्त वेळ धरलं आणि मग तेही घासलं. घरी जाताना स्कूटरवर चारुता गात होती.

राजीनामा द्यायचा ठरला तेव्हा तिने आधी नवऱ्याला सांगितलं. कुशल पालघरजवळच्या कोळगावला जिल्हा मुख्यालयात नोकरीला होता, फाईल तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. "थकलीयस का?" त्याने विचारलं. नाही म्हणाली. "कोणी काही बोललं?" तेव्हा तिने इतक्या महिन्यांनी दर्पणची गोष्ट सांगितली, नाव आतून उलटं दिसतं ती. कुशलने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं मग स्टिकर आतल्या बाजूने लावायचा ना." दोघंही हसत सुटली, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं की हे हसण्यावारी जाणार नाही. बराच वेळ तो गॅलरीत कपड्यांना उगाच चिमटे लावत राहिला. मग आत येऊन म्हणाला, "एवढंच सांग, नंतर रडणार नाहीस ना?" "रडले तर?" "तर चहा करीन. दुसरं मला काय येतं?" चारुताला त्या माणसाची एकदम इतकी माया आली की तिने त्याच्या हातातला उरलेला चिमटा काढून त्याच्याच बाहीला लावला. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी साफसफाईच्या जिवलीमावशी ब्लेड घेऊन दारावरचं नाव खरवडत होत्या. "मॅडम, समदं निघालं, ह्यो च काय निघत नाय," त्या म्हणाल्या. चारुता म्हणाली, राहू दे त्याला, आपोआप निघेल.

दादांना मात्र सांगणं अवघड गेलं. तिने सांगितलं तेव्हा ते कानस चालवत होते. कानस थांबली. "कवा दिला?" "परवा." "परत घेता येतो?" "येतो. पण मी घेणार नाय." ऑफिसातली चारुता नाही म्हणायची, या पडवीत आली की तिच्या तोंडून आपोआप नाय निघायचं. दादा खिडकीतून बाहेर बघत राहिले, चिकूच्या झाडांकडे. "तुला ह्याच्यातनं बाहेर काडायला आमी..." ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. ते पुढचे दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. चारुताला आत कुठेतरी कळत होतं की तिने नुसती नोकरी सोडली नव्हती, म्हाताऱ्याने जन्मभर वाकून केलेली एक गोष्ट परत त्याच्या पुढ्यात आणून ठेवली होती, आणि ती त्याला नको होती. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "बसतीस तर बस. पण खूण घालायची नाय. माझी पण नाय, तुझी पण नाय." ही खूण म्हणजे डायच्या बुडावर कोरायचं कारागिराचं अक्षर. बूड काही कशावर दाबलं जात नाही, त्यामुळे तिथे अक्षर सुलटं काढायचं असतं. दादांनी आपल्या पहिल्या डायवर सवयीने तेही उलटं काढलं होतं, क उलटा. त्यांचे वस्ताद पोट धरून हसले होते, खूण कोणी उलटी काढतं का म्हणून. पण डाय मुंबईला गेली, व्यापाऱ्याला आवडली, त्याने उलट्या क ची आणखी पाठवा असा निरोप धाडला आणि मग चूक होती तीच ओळख होऊन बसली. खूण नसलेली डाय म्हणजे बिननावाचं पत्र, कोणी घेत नाही. "मग मी खूण कवा घालायची?" चारुताने विचारलं. "ते मी सांगायचं नसतंय. हात सांगतो," दादा म्हणाले. हाताने काही सांगितलं तर ते तुम्हालाच ऐकू येणार ना, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती कानस घासत राहिली. तिला या जगात आता दुसरं काही नको होतं. केबिन सोडून ती ज्यासाठी आली होती ते त्या बुडावरच्या एका अक्षराएवढं होतं, आणि ते या एकाच माणसाच्या हातात होतं.

तशात मुंबईच्या विश्रामशेठचा फोन आला. जुना व्यापारी, दादांच्याच वयाचा. मशीनच्या कोयऱ्या फार गुळगुळीत येतात, कमलाकांतभाई, तुमच्या हातची एक जोडी करून द्या, कानातल्या कोयऱ्या, जुन्या धाटणीच्या. दादांनी फोन ठेवला आणि तीन दिवस नुसते कागदावर कोयऱ्या काढत बसले, शेंडा कुठे वळावा, पोटातलं जाळं किती दाट. कानातल्यांची जोडी म्हणजे दोन डाय लागतात, हे सांगायला नको. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे आरसाच लागतो. डाव्या कानाच्या कोयरीचा शेंडा एका बाजूला वळतो, उजव्या कानाच्या कोयरीचा दुसऱ्या. एक डाय झाली की दुसरी तिची उलट, म्हणजे उलट्याचं उलटं. दादांनी पहिली डाय अशी कोरली की चारुताला तिच्याकडे बघवेना, इतकी सुंदर होती. मग त्यांनी दुसरी घेतली. बारा दिवस ती दोघं एकाच खिडकीशी बसत होती, मधे हातभर अंतर. दुपारी वारा फिरला की किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पडवीभर यायचा. दादा एका वेळी कण काढायचे, फुंकर मारायचे, परत कण काढायचे. बाराव्या दिवशी त्यांनी छिन्नी खाली ठेवली, दोन्ही ठोकळे फडक्यावर शेजारी ठेवले, डोळ्यांवरून हात फिरवला आणि ते जेवायला गेले. चारुताने वाकून पाहिलं. दोन्ही कोयऱ्या एकाच बाजूला वळल्या होत्या.

तिने परत पाहिलं. ठोकळा फिरवून पाहिला, जणू फिरवल्याने शेंडा लाजून पलीकडे वळणार होता. दोन्ही डाव्या. सत्तावन्न वर्षं जो माणूस आरशात राहिला त्याला आज आरसा कळला नव्हता. ही चूक या धंद्यात पोरंसोरं करतात, पहिल्या वर्षी, आणि गावभर त्यांची चेष्टा होते, तुझ्या बायकोला दोन डावे कान असतील म्हणून. चारुताला भीती वाटली. ती भीती डायची नव्हती. तिला आठवलं की गेल्या महिन्यात आई सहज बोलून गेली होती, "ह्यांचं हल्ली काय तरी होतंय. परवा शर्ट उलटा घालून देवळात जाऊन आले." तेव्हा ती हसली होती. आतून दादांच्या भुरकण्याचा आवाज येत होता, आमटी आवडली होती त्यांना. तिने ठोकळे होते तसे ठेवले, त्यांच्यावर फडकं टाकलं आणि हात धुवायला गेली. सांगायचं कसं? आणि सांगितलं नाही तर? अजून डायला पाणी द्यायचं होतं. पाणी देणं असं म्हणतात, बुडवतात तेलात, पण भट्टीत लालबुंद करून एकदा बुडवली की पोलाद असं कडक होतं की मग कोणाच्या बापाला चूक सुधारता येत नाही. दादा दुसऱ्या दिवशी मनोरला निघाले होते, बहिणीच्या नातीच्या लग्नाला, चार दिवस. "आल्यावर पाणी देऊ," जाताना म्हणाले. पिशवी चुकीच्या खांद्याला लावली, मग आईने ती काढून दुसऱ्या खांद्याला लावली.

त्या चार दिवसांत चारुताने उजवी कोयरी कोरली. तिने तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या सकाळी तिने नुसता कोरा ठोकळा बाकड्यावरच्या वाइसच्या पकडीत धरला, दादांची पहिली डाय समोर ठेवली आणि पेन्सिलने शेंड्याची रेघ दुसरीकडे वळवून बघितली. मग छिन्नी कधी हातात आली ते कळलं नाही. शेंडा वळवताना तिचा श्वास अडकायचा, जाळ्याची एकेक जाळी काढताना सुटायचा. दुसऱ्या दिवशी छिन्नी सटकली आणि अंगठ्यातून रक्त आलं, तिने चिंधी बांधली. आई चहा आणून ठेवायची आणि काही न विचारता गार झालेला परत न्यायची. कोरता कोरता तिच्या मनात गोणपाट होता, नलूबाईंचा घामेजलेला चेहरा होता, पार्किंगमध्ये न सुरू होणाऱ्या गाड्या होत्या, आणि हे सगळं जाऊन मधेच कितीतरी वेळ काहीच नसायचं, फक्त टुकटुक. चौथ्या दिवशी दुपारी तिने फुंकर मारली आणि उरलेला शेवटचा कण उडाला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता एक अगदी सोपी गोष्ट करता येईल. दादांची दुसरी डाय उचलायची, तेलकट फडक्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवायची, आणि तिच्या जागी ही. त्यांना वाटेल, आपणच केली. खूण घालतील, पाणी देतील, विश्रामशेठ खूश, म्हातारा खूश. कोणाचं काय बिघडतं? तिने डाय उचलली, गुंडाळली, ट्रंकेत ठेवली. हात सफाईने चालत होते. पुनर्रचना, असा शब्द तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती परत ट्रंकेकडे वळली, तोवर अंगणात रिक्षा थांबली होती.

दादा लग्नाचे लाडू घेऊन आले, पाय धुतले आणि थेट पडवीत गेले. फडकं बाजूला केलं. भिंग शोधलं नाही, नुसता अंगठा फिरवला, पहिल्या डायवरून, मग दुसरीवरून. दुसरीवर अंगठा थांबला. तो शेंड्यापासून पोटापर्यंत गेला, परत शेंड्याला आला. "हा ठोकळा माझा नाय," दादा म्हणाले. चारुताला वाटलं आता आपण परत सात वर्षांच्या झालो. "माझा कुठं हाय?" तिने ट्रंक उघडली आणि फडक्यासकट तो त्यांच्या हातात दिला. "तुमचा..." ती म्हणाली, "दादा, तुमच्या दोन्ही डाव्या झाल्या." दादांनी शिशाची पातळ पट्टी काढली, पहिल्या डायवर ठेवून हातोडीचा एक ठोका मारला, मग आपल्या दुसऱ्या डायवर एक. शिशाच्या दोन करड्या कोयऱ्या निघाल्या. "विजया, इकडं ये जरा," त्यांनी हाक मारली. आई ओले हात पुसत आली. दादांनी तिला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि शिशाच्या कोयऱ्या तिच्या दोन्ही कानांना लावून धरल्या, एक इकडे, एक तिकडे, मागे सरून पाहिलं. एक कोयरी गालाकडे वळली होती आणि दुसरी मानेकडे. आईने आरशाच्या तुकड्यात पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अवो, आमाला काय दोन डावे कान हायत?" दादांचा चेहरा क्षणभर असा झाला की चारुताने डोळे मिटून घेतले. मग तिला हसण्याचा आवाज आला. खोकल्यासारखा, गंजलेला, पण हसणंच. ती दोघं म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून हसत होती, आणि हसता हसता दादांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तुझा दे," ते म्हणाले. चारुताच्या डायवर पट्टी ठेवली, ठोका मारला. तिसरी कोयरी त्यांनी आईच्या उजव्या कानाशी धरली. आता दोन्ही शेंडे गालांकडे वळले, एकमेकांकडे बघत. आई हसायची थांबली आणि नवरीसारखी ताठ उभी राहिली, कारण तिला जाणवलं होतं की आपल्याकडे कोणीतरी निरखून बघतंय. दादा खूप वेळ बघत राहिले. पोटातलं जाळं एके ठिकाणी जरा उथळ गेलं होतं, अंगठा कापला होता तिथे. ते त्यांना नक्की दिसलं, त्यांचं बोट तिथे जाऊन आलं. त्यांनी स्वतःची दुसरी डाय उचलून खिडकीत ठेवली, कागद उडू नयेत म्हणून कागदांवर. मग बाकड्यावरून उठले, कमरेला हात लावून, आणि आपल्या जागेवरचा पाट हाताने झटकला.

"बस हितं. उजेड बरा येतो," ते म्हणाले. ती बसली. त्यांनी तिची डाय पालथी करून वाइसमध्ये धरली, बूड वर, कोरं, चकचकीत. खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. टीचभर छिन्नी होती, मूठ लहान पोराच्या हाताला बेतलेली. इतकी वर्षं ती कुठे होती ते तिने विचारलं नाही. धार नुकतीच लावलेली होती. "पाणी उद्या देऊ. आधी खूण घाल," दादा म्हणाले. चारुताने पेन्सिल घेतली आणि च ची दांडी उजवीकडे ओढली, सुलटी, नलूबाईंनी शिकवली तशी. दादांनी अंगठ्याने ती पुसून टाकली.

"उलटा काड, चारू," ते म्हणाले.